बिननावाचं आमंत्रण

सोमवार

पोचले एकदाची! पायांचे खांब झालेत, बॅगेचं एक चाक विमानानं खाल्लं, तरी बाहेर आले ती सहलीला निघालेल्या शाळकरी मुलीसारखी दात काढत. पन्नाशी उलटलेल्या बाईला शोभत नाही, पण इथे मला ओळखतंय कोण.

घ्यायला दोघं आली होती. पुढचे सगळे दिवस हीच माझी सोबत, दोघंही इथलीच. एक ड्रायव्हर. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, आरशासारखे बूट, केस चापूनचोपून बसवलेले. मी मनातल्या मनात त्याचं नाव नवरदेव ठेवून टाकलं. दुसरी दुभाषी. आमची पहिली टीम इथे आली तेव्हा ही त्यांच्या घरी कामाला होती. तिथल्या वहिनी दिवसभर पोरांवर जे काही ओरडायच्या, त्यातून ही मराठी शिकली. त्यामुळे तिची सगळी मराठी आईची आहे. मला बघितल्याबरोबर तिनं विचारलं, हात धुतलेस का बाळ? आणि मी उत्तर द्यायच्या आत पर्समधून ओला रुमाल काढून माझे हात पुसले. मला ती तिथेच आवडली.

काम तसं सोपं आहे. आमच्या मिशनच्या तीन टीम या देशात आहेत. एकीकडे दवाखाना, एकीकडे शाळा, एकीकडे शिवणवर्ग. वर्षातून एकदा ऑफिसातल्या कोणीतरी जाऊन त्यांना भेटायचं, घरून आलेल्या वस्तू द्यायच्या, गाऱ्हाणी ऐकायची, सोबत जेवायचं, प्रार्थना करायची. दरवर्षी साहेब जातात. यंदा मी हट्टच धरला, कारण शेवटच्या टीममध्ये माझी धाकटी बहीण आहे. आईनं अंथरूण धरलंय. डॉक्टरांनी दादाला बाजूला घेऊन जे सांगायचं ते सांगितलंय. आईचा एकच धोशा, धाकटीला आण, एकदा बघू दे. आणि धाकटी फोनच उचलत नाही. नुसते निरोप पाठवते, सगळं छान आहे म्हणून. लहानपणी पेन्सिलीचं टोक मोडलं तरी घर डोक्यावर घेणारी पोरगी ही. तिला सगळं छान कसं असेल? तिला घेतल्याशिवाय मी परत जाणार नाही. झिंज्या धरून ओढत न्यावं लागलं तरी चालेल.

मंगळवार

पहिला मुक्काम दवाखान्याच्या टीमचा. टीम म्हणजे दातांचा डॉक्टर, त्याची बायको आणि त्यांची तान्ही मुलगी. खाली दवाखाना, वर दोन खोल्या. सगळं लख्ख. फरशीत तोंड बघावं.

इथे आमच्या लोकांना उघडपणे काही बोलता येत नाही. भिंती पातळ, शेजारी चौकस. म्हणून ऑफिसचा कडक नियम आहे की घरात कोणी कोणाचं खरं नाव घ्यायचं नाही, आणि प्रभूचं तर नाहीच नाही. जेवणाआधीची प्रार्थनासुद्धा साहेबांनी अशी बेतून दिली आहे की भिंतीला कान लावणाऱ्याला वाटावं, कुठल्याशा पाहुण्याला बोलावताहेत. सगळ्यांनी हात धरायचे, डोळे मिटायचे आणि म्हणायचं, तू ये, दार उघडं आहे, आमच्यात बस, आमचं ओझं तू घे. संपलं. नाव नाही, गाव नाही, शेवटी आमेन नाही. टेबलाला एक जास्तीची खुर्ची आणि तिच्यापुढे वाढलेलं ताट, ज्याला बोलावलं त्याची आठवण म्हणून. साहेबांना या युक्तीचं भारी कौतुक आहे. मी आज पहिल्यांदाच ती प्रार्थना म्हटली. दादाचा फोन आला नव्हता म्हणून सकाळपासून आईची काळजी लागली होती, ती एकदम विरघळली. इतकं शांत कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

जेवताना मात्र आतल्या खोलीत बाळ रडत होतं. आधी कुरकुर, मग टाहो. डॉक्टर सूप पीत राहिला, बायको सूप पीत राहिली. शेवटी मीच म्हटलं, अगं, घे तिला. ती छान हसली, रडते ती, म्हणाली, आणि पावाची टोपली माझ्यापुढे सरकवली. दुभाषी उठली आणि बाळाला घेऊन आली. पोर गळ्यापर्यंत ओली झाली होती. दुभाषीनं तिला धुतलं, कोरडं केलं, आणि आमच्याकडे असं बघितलं की मी हातातला चमचा खाली ठेवला. बाळंतपणानंतर कधी कधी बायकांचं मन मिटतं म्हणतात, तसं काही असावं. ऑफिसला कळवायला हवं.

नवरदेव घरात आलाच नाही. गाडीत बसून डबा खाल्ला. खायच्या आधी डोळे मिटून प्रभू येशूचं नाव घेतलं, तेही खणखणीत, काचा खाली असताना! मी दुभाषीकरवी त्याला बजावलं की बाबा रे, तुरुंगात जाशील. त्याचं उत्तर तिनं सांगितलं. म्हणाला, तुरुंगात जाईन, पण उघड्या दारातून 'ये' म्हणून हाक मारायची आणि कोणाला ते सांगायचं नाही, हे माझ्याच्यानं होणार नाही. मी म्हटलं, आला मोठा शहाणा.

टेबल आवरताना बघितलं तर ते जास्तीचं ताट चाटूनपुसून रिकामं होतं. डॉक्टरला भूक असेल.

बुधवार

दिवसभर प्रवास. रस्ता असा की पोटातलं पाणी कानात यावं. नवरदेवाच्या शर्टाला एक सुरकुती नाही. दुभाषी वाटेतल्या चौकीवरच्या शिपायालासुद्धा मराठीत दटावून आली, नीट उभा राहा, खांदे सरळ. तो बिचारा राहिलाही. मी हसून हसून बेजार झाले.

दादाचे फोन येऊन गेले होते, माझ्या लक्षातच आलं नाही. संध्याकाळी उलट फोन केला. आईनं आज दूधसुद्धा नको म्हटलं. दादाचा आवाज फुटला. मी त्याला म्हटलं, होईल सगळं ठीक. ठेवल्यावर वाटलं, मी किती पटकन ठेवला.

गुरुवार

दुसरा मुक्काम शाळेच्या टीमचा. दोन शिक्षक, एक तरुण, एक पोक्त. पोक्त मास्तरांची बायको आणि मुलगी आमच्या गावातच असतात. मुलीनं बाबांसाठी चित्र काढून दिलं होतं. घर, झाड आणि दारात दोन वेण्या घातलेली ती स्वतः. विमानात चुरगळू नये म्हणून मी ते जिवापाड जपत आणलं होतं. मास्तरांनी ते बघितलं, छान आहे म्हणाले. मग स्वयंपाकघरातून गरम पातेलं आणलं, टेबलाला चटका बसू नये म्हणून ते चित्र खाली घातलं आणि वर पातेलं ठेवलं.

मी बोलायला तोंड उघडलं होतं. पण तेवढ्यात सगळ्यांनी हात पुढे केले.

आज माझी जागा रिकाम्या खुर्चीच्या शेजारी होती. डावा हात तरुण मास्तराच्या हातात. उजवा नुसताच टेबलावर, तळवा वर. त्यांची तशी पद्धत आहे. डोळे मिटले. तू ये, म्हटलं. आणि कोणीतरी माझा उजवा हात हातात घेतला. घट्ट नाही. दवाखान्यात नाडी बघताना धरतात तसा, मनगटाशी, दोन बोटांनी. मला वाटलं पोक्त मास्तर आहेत. डोळे उघडले तर ते टेबलाच्या पलीकडे होते आणि त्यांचे दोन्ही हात त्यांच्यापाशी. मनगटावर ओलसर गारवा होता.

मी किंचाळायला हवं होतं. मी वरण वाढून घेतलं.

आता मन घट्ट करून लिहिते आहे. चित्राचं असं का केलंत हे मला मास्तरांना विचारायचं होतं, त्यांना चांगलं फैलावर घ्यायचं होतं. जेवण झाल्यावर ते चित्र पातेल्याच्या काजळीसकट कचऱ्यात गेलेलं मी बघितलं, आणि मला काही वाटलं नाही. ज्या पोरीनं ते दिलं तिचा चेहरा आठवायचा म्हटलं तर वेण्या आठवतात. त्यांच्या मधलं काही आठवत नाही.

शुक्रवार

गाडीत. आज मी पुढे बसले. नवरदेवाला हाताचं सांगितलं. दुभाषी मागून भाषांतर करत होती.

तो हसला नाही. म्हणाला, मीच या सगळ्यांना विमानतळावरून आणलं. येताना सगळे रडत होते. कोणी आईसाठी, कोणी मुलांसाठी. मग ती प्रार्थना सुरू झाली. काही दिवसांनी रडणं थांबलं. तुमच्या ऑफिसला मी कळवलं होतं. त्यांनी उत्तर दिलं की तिन्ही टीम उत्तम चालल्या आहेत, कोणाचीही तक्रार नाही.

तक्रार नाही हे खरंच आहे. आम्ही तिन्ही टीमचं कौतुक करत होतो. घरची आठवण येत नाही, रजा मागत नाहीत, किती समर्पित माणसं!

ओझं घे म्हटलं, तर जो कोणी आला त्यानं घेतलं. आमचं ओझं दुसरं काय असतं? आईच ना. आणि पोरं.

मी ती प्रार्थना पुन्हा तोंडातून काढणार नाही. कानाला खडा. आईचं हसणं आठवून बघितलं. आठवलं, पण उशिरा. आधी आवाज नव्हता. मग आला. भीती वाटते आहे, आणि बरं वाटलं की निदान वाटते तरी आहे.

शनिवार

धाकटीचं घर. बाहेरूनच मशीनचा आवाज येत होता. आत ती शिवायला बसलेली. मी दारातून हाक मारली, तिनं वर बघितलं आणि विचारलं, माप द्यायला आलात का तुम्ही?

तुम्ही. मला.

मी जवळ गेले. मशीनमध्ये दोरा नव्हता. ती कापडाला नुसतीच भोकं पाडत होती, सरळ रेषेत, सुबक. बाजूला तसल्याच कापडांची चळत. शिवण शिकायला येणाऱ्या मुली कधीच यायच्या बंद झाल्यात. तिच्यासोबतची दुसरी बाई हिवाळ्यात एकदा घराबाहेर पडली ती परतलीच नाही. कोणाला कळवलं का नाहीस, तर म्हणाली, कोणी विचारलं नाही.

मी तिला हलवलं. आई जायला टेकली आहे गं, तुझं नाव घेते आहे, म्हटलं. ती म्हणाली, हो का. चहा टाकू?

आईनं तिच्यासाठी विणलेला स्वेटर दिला. तिनं तो त्या खुर्चीच्या पाठीवर घातला. त्यांना थंडी वाजते, म्हणाली.

मग जेवायला बसलो. मी ओठ घट्ट मिटून घेतले. पण ती म्हणालीच. आमचं ओझं घे, म्हणाली. आमचं म्हणजे माझंही आलं.

स्वेटरच्या बाह्या भरल्या.

रविवार

आज ठरवून केलं. तिनं हात पुढे करायच्या आत मी मोठ्यानं नाव घेतलं. प्रभू येशू ख्रिस्ता, तू ये, म्हटलं. भिंती ऐकोत, शेजारी ऐकोत, पोलीस येवोत.

धाकटी ऐकत होती. मग तिनं अगदी अदबीनं विचारलं की ते कोण. जेवायला येणार आहेत का, आणखी एक ताट वाढू का?

खुर्ची टेबलाजवळ सरकली. कोणी सरकवली नाही.

दादाचा फोन. आई आता कोणाला ओळखत नाही, फक्त धाकटीबद्दल विचारते. दादा रडत होता. काळजात चर्र व्हायला हवं होतं. वाट बघितली. झालं नाही. मी दादाला म्हटलं, बरं.

मग बाहेर गाडीपाशी गेले. दुभाषीनं माझा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि म्हणाली, रड बाळ, रडून घे. मी प्रयत्न केला. नवरदेव बॉनेटवर डोकं टेकून प्रार्थना करत होता, त्याच्या भाषेत, नावानं. त्याच्या शर्टाची घडी मोडली होती.

सोमवार, सकाळ

घाईनं लिहिते.

माझ्यात अजून थोडं शिल्लक आहे. रात्रीतून आणखी कमी झालं. आईचा हात आठवतो. कपाळ आठवत नाही. उद्या मला धाकटीला नेण्याची गरजच वाटणार नाही, मीही दोरा न घालता शिवत बसेन. तेव्हा आजच.

तो घेतो. तर देऊही शकेल. आम्ही आयुष्यभर हेच शिकलो की दुसऱ्याचं ओझं आपण वाहायचं. तिचं तिला परत दे आणि बदल्यात माझं सगळं घे, असं सांगणार आहे. त्याला त्याच्या पद्धतीनं, हात धरून.

नवरदेवाला सांगितलं. तो नको नको म्हणाला. मी म्हटलं, गाडी सुरू ठेव.

भीती वाटते आहे. देवा, भीती वाटते आहे. आई, मी आणते गं तिला –

सोमवार, दुपार

त्या खुर्चीच्या शेजारी बसले. हात मीच दिला.

मागितलं.

आधी काही नाही. मग मनगटावर ती दोन बोटं. मग सगळा हात. मग – कोणीतरी कपाट रिकामं करावं तसं, एक एक खण. घाई नाही. नीट.

समोरची बाई एकदम किंचाळली. तिच्या हातातला चमचा पडला. ताई, म्हणाली, ताई, आई कशी आहे, आई आहे ना गं, मी काय करत बसले होते इथे – छाती पिटून रडायला लागली. मला मिठी मारली. जड होती.

ड्रायव्हर आत आला. तो आत कधी येत नाही, असं कुठेतरी लिहिलंय. त्यानं तिची बॅग उचलली. दुभाषीनं मला हात धरून उठवलं.

गाडी

ती बाई रडते. फोनवर बोलते आणि रडते. येते म्हणते, थांब म्हणते, आई, थांब.

खिडकीतून झाडं. बरीच.

दुभाषी माझे हात चोळते. गार आहेत म्हणते. असतील.

विमानतळ

ड्रायव्हरनं माझ्या डोक्यावर हात ठेवून एक नाव घेतलं. चांगलं वाटलं ऐकायला. परत सांगता येणार नाही.

दुभाषीनं माझे डोळे पुसले. कोरडे होते. जेवून घे, बाळ, म्हणाली. स्वतःच रडत होती.

ती बाई पुढे चालते. मधूनमधून मागे येते आणि मला घेऊन जाते –

वार माहीत नाही

एक घर. एक खोली. औषधांचा वास. पलंगावर एक म्हातारी.

ती रडणारी बाई पळत गेली आणि तिच्या गळ्यात पडली. म्हातारीनं तिला ओळखलं. तिच्या केसांतून हात फिरवत राहिली. दारात एक गृहस्थ उभे होते. तेही रडत होते. सगळे रडत होते आणि हसत होते.

मग म्हातारीनं माझ्याकडे हात केला. गेले. हात धरला तिनं. म्हणाली, आणलीस गं. माझी गुणाची बाई ती. थकलीस का?

मी म्हटलं, तुम्ही पडून राहा. त्रास करून घेऊ नका.

तिनं हात सोडला नाही. बघत राहिली माझ्याकडे. मग त्या रडणाऱ्या बाईला विचारलं, हिला काय झालं? हिला काय झालं गं?

थोड्या वेळानं

ती बाई मला ताई म्हणते. माझ्यासमोर गुडघ्यांवर बसली आहे. ही वही तिनं आणून दिली, पेन हातात धरवला. लिही ताई, म्हणते. आईबद्दल लिही. ती अजून आहे, तिच्यासमोर लिही. एखादी गोष्ट. काहीही. कशी ओरडायची, काय म्हणायची, काहीतरी येईलच.

म्हातारी पलंगावरून बघते आहे.

लिहिते.

आमची आई

आमची आई फार –

आमची आई –